सोळातला उरलेला एक

ती. मोठ्या मावशीस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलाय, कारण ऑफिसातून लिहितेय. जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या वेळेत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डावा विचारतेय, उजव्याचं मागच्या पत्रात कळलं.

माझी नोकरी कायम होणार की नाही ते शुक्रवारी ठरेल, आणि ते तू शिकवलेल्या वाटणीवर अडलंय. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो, त्याला आम्ही पत्ता म्हणतो. जुन्या पद्धतीचे पत्ते संपले. (नव्या पद्धतीचे ढिगाने आहेत, पण वर नवी खोली बांधली तरी आम्ही भावंडं खालच्याच पलंगावर दाटीवाटीने झोपायचो, तसं आहे.) तर जुन्या नोंदी झाडताना शेवटचे सोळा सापडले. ते पाच विभागांत सारखे वाटायचं काम साहेबांनी मला दिलं, कारण मी सगळ्यांत नवी, म्हणजे अजून कुणाच्या बाजूची नाही. प्रत्येकी तीन दिले. उरला एक.

पाचही विभागप्रमुखांना मी पडद्यावर बोलावलं. पहिले म्हणाले, माणसं आमच्याकडे जास्त. दुसऱ्या विभागाच्या बाई म्हणाल्या, आम्ही आजवर कमी घेतलं, त्याची ही शिक्षा का. तिसरे म्हणाले, आम्ही या पंगतीला उशिरा आलो, तोवर ताटं उचलली होती. चौथे नुसतेच सुस्कारे सोडत होते, तेही माइक चालू ठेवून. पाचव्यांना तो नकोच होता, फक्त त्या बाईंना मिळू नये एवढंच. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. पुड्यात सोळा बिस्किटं, आम्ही पाच जण, आणि तुझा नियम: उरलेलं कुणाचंच नाही, जो आला नाही त्याच्यासाठी झाकून ठेवायचं.

तोच नियम सांगितला. पाचही जणांनी माना डोलावल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘एक पत्ता सहाव्या विभागासाठी राखीव.’ साहेब म्हणाले, पोरगी हुशार आहे. दुसऱ्या दिवशी पाच अर्ज हजर. प्रत्येकाच्या हद्दीत रातोरात एकेक सहावा विभाग निघाला होता. (एकाचं कार्यालय जिन्याखाली आहे, फोटोत झाडू दिसतो.) आता साहेब म्हणतात, सहावा तूच काढलास, शुक्रवारपर्यंत तूच शोधून आण.

तुझी (अजून तरी नोकरीत असलेली) भाची

ता. क. ते झाकलेलं सोळावं बिस्किट शेवटी कोण खायचं, असं काल आईला सहज विचारलं. ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. मावशी, वीस वर्षं मी त्या न आलेल्या मुलाची काळजी करतेय.

आणखी एक ता. क. सोबत अर्ज जोडलाय. सहावा विभाग: तू. लोकसंख्या: एक. पाचही जण तयार आहेत, अट एवढीच की पत्ता कुठल्याही यंत्राला लावायचा नाही, नुसता सांभाळायचा. नात्याच्या रकान्यात ‘सख्खी मावशी’ असं मी ठळक लिहिलंय, लपवाछपवी नको. खाली सही कर. ‘वस्तू राखून ठेवण्याचा पूर्वानुभव’ हा रकाना मात्र कोरा सोड. खोटं लिहिलंस तर मला झोप लागणार नाही, आणि खरं लिहिलंस तर नोकरी लागणार नाही.