वरचा बाण

३ मार्च
रादकोला जाऊन अकरा दिवस झाले. ऑफिसने त्याचा लॅपटॉप मला दिला. म्हणजे आम्ही दोघं लिहीत होतो ती सॉफ्टवेअरची लायब्ररी आता एकट्या माझी. काळ्या स्क्रीनवर माणूस जे टाइप करतो ते झेलायचं आणि वरचा बाण दाबला की आधीच्या ओळी परत आणून द्यायच्या, हे तिचं काम. हजार ओळी लक्षात ठेवते, त्यापुढे नवी आली की सर्वांत जुनी गळते. हा नियम माझा. रादकोला पटला नव्हता.
नवी आवृत्ती दहा दिवसांत. नक्की.

४ मार्च
बाण दाबला. रादको आला. चाचणी म्हणून मनात येईल ते टाइप करायची त्याची खोड. पहिली ओळ झ्लातिनासाठी होती. दुसऱ्याच्या बायकोचं कशाला वाचा, पुढे गेलो. "कामेन पुन्हा माझा कप घेऊन बसलाय." कप माझ्या हातातच होता. धुऊन ठेवला.
घाबरलो नाही.

९ मार्च
झ्लातिना जिन्यात भेटली. एकाच इमारतीत राहतो, टाळणार कसं. म्हणाली, रादको गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा श्रद्धांजलीचा कागद इमारतीच्या दारावर लावायचाय, त्यावर छापील दुःख नको, त्या मशीनमधलं त्याचं एखादं वाक्य दे, मला उद्देशून लिहिलेलं. तिच्याकडे त्याची एक चिठ्ठीसुद्धा नाही. मी म्हणालो, एवढंच ना, शुक्रवारी देतो.

१३ मार्च, शुक्रवार
आधी आवृत्ती, मग भावना. दीडशे चाचण्या. बाण जरा जास्त वेळ दाबला गेला. "कामेन, आधी कॉपी काढ, मग हात लाव." मेल्यावरही साहेबगिरी. अंगावर काटा आला, पण खिडकी उघडी होती.

२० मार्च
तीनशे चाचण्या. पाठीमागे उभं राहून कोणीतरी वाचतंय असं वाटतं. भराभर टाइप करत राहिलं की वाटत नाही. म्हणून करतो.
झ्लातिनाने विचारलं. निवडतोय म्हणालो.

२७ मार्च
आवृत्ती तयार. चाचण्या हजाराच्या वर. चार दिवस बाण दाबतोय, रादको येत नाही. भीती मोडून काढली. मनाचा निग्रह, दुसरं काय.

३० मार्च
वाक्य काढायला बसलो. टेस्ट. टेस्ट. टेस्ट टेस्ट. हजारावी, सर्वांत जुनी ओळही माझीच. कॉपी काढलेली नाही.
झ्लातिनाला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, एखादं तरी आठवतं का? शब्दन् शब्द आठवतात ती दोनच, दोन्हींत मीच. सांगितली. तिने एक निवडलं.

३१ मार्च
दारावर कागद लागला. काळी चौकट, रादकोचा फोटो, खाली: "आधी कॉपी काढ, मग हात लाव." चौथ्या मजल्यावरच्या बाई हातात मृतासाठी वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची वाटी घेऊन अर्थ विचारत होत्या. झ्लातिना म्हणाली, कामेनला विचारा.
हे कागद आमच्याकडे कोणी काढत नाही, आपोआप फाटेपर्यंत राहतात. मला दुसरं दार नाही.