सुवर्णाचा पहिला नंबर

४ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन वाल्मिक. आज घराजवळच्या लायब्ररीत मेंबर झालो. सुवर्णा दिवाळीपासून शहराच्या टोकाला, भेस्तानला बहिणीकडे आहे. थोड्या दिवसांसाठीच. जाताना म्हणाली, तुम्ही माझं काहीच ऐकत नाही. ऐकत नाही कसं? रोज जेवताना ती वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची आणि मी मोबाइल बघत वेळेवर हूं म्हणायचो. एकही हूं चुकलेला नाही.
नवीन पुस्तकांच्या रॅकमधली सगळ्यात जास्त मागणी असलेली मराठी कादंबरी उचलली. आठवड्यात वाचणार. ती परत आली की थक्क होईल.

९ जानेवारी
तिसऱ्या पानावर आहे. लायब्ररीच्या शीतलबेनचा फोन. म्हणाल्या, वाल्मिकभाई, पुस्तक वेळेवर आणजो, मागे वेटिंग आहे, पहिला नंबर तुमच्या वाइफचाच! एका घरात वेटिंग कशाला, असंही विचारलं. आमच्या घरात शिस्त आहे, म्हणालो.
आणि डोक्यात बत्ती पेटली. पुस्तक परत करायचंच नाही. सुवर्णाला नवीन पुस्तकाशिवाय चैन पडत नाही. झक मारत घरी येईल.

११ जानेवारी
परत करायची तारीख. केलं नाही. घर झाडलं. तिला आवडतो म्हणून लोचो आणला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग गार झालेला मीच खाल्ला. वाया कशाला घालवायचा?

१२ जानेवारी
कारखान्यात शेजारच्या मागावर काम करणाऱ्या निंबाला प्लॅन सांगितला. तो म्हणे, तिले फोन कर ना भो, पुस्तक धरीसन काय बठेल शे! निंबाला डावपेच कळत नाहीत.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळे गच्चीवर पतंग उडवतायत. मीही गच्चीवर, पुस्तक घेऊन. तिथून रिक्षा स्टँड दिसतो.
कादंबरीतली बाई नवऱ्याशी बोलायचंच बंद करते आणि त्या गड्याच्या लक्षातही येत नाही. असे बावळट नवरे कुठे असतात? लेखकांना संसारातलं काही कळत नाही.

१८ जानेवारी
ती बाई स्वतःशीच बोलायला लागली, तिथे डोळ्यांतून पाणी आलं. मागावरची धूळ. आज सुट्टी होती, पण धूळ डोळ्यात राहते.

१९ जानेवारी
कोणाला तरी सांगावंसं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत निंबाला अख्खी गोष्ट सांगितली. मोबाइल बघत तो दर वेळी हूं म्हणाला. ऐकत नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. फार राग आला. माणूस जीव तोडून सांगतोय आणि समोरचा नुसता हूं हूं.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी
शीतलबेनचा पुन्हा फोन. मनात म्हटलं, सुवर्णाने तगादा लावला, जिंकलो! दाढी करून लायब्ररीत गेलो.
शीतलबेन म्हणाल्या, सुवर्णाबेन काल संध्याकाळी येऊन गेल्या. पुस्तक कोणाकडे आहे ते मी सांगितलं, तर हसल्या. म्हणाल्या, ते वाचतायत? मग माझं नाव काढा, निवांत वाचू दे त्यांना. मग दुसऱ्याच एका पुस्तकाची गोष्ट सांगत बसल्या. केटलू सरस बोले छे! घरी तुम्हाला रोज ऐकायला मिळतं, नसीबदार आहात.
मी हूं म्हणालो.
लायब्ररीपासून आमचं घर दोन गल्ल्यांवर आहे. काल संध्याकाळी मी घरीच होतो. तिची रिक्षा थांबलेली असेल. घाई असेल.
निघताना शीतलबेनने पुस्तकावर नवी तारीख मारली. म्हणाल्या, बाकीच्या वेटिंगसाठी दुसरी कॉपी आली आहे, आरामात वाचा वाल्मिकभाई, आता तुमच्या मागे कोणी नाही.

२२ जानेवारी
पुस्तक संपलं. शेवट फार चांगला आहे.
जेवायला बसलो आणि मोबाइल बाजूला ठेवून शेवट मोठ्याने सांगितला. ती बाई दार उघडते, तिथे जरा थांबलो. सुवर्णा नेहमी अशाच जागी थांबायची, माझ्या हूंसाठी.
बराच वेळ थांबलो. मग उरलेलं सांगितलंच नाही.