उकळलेल्या नळ्या

सर,

तुम्ही गेलात ते मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, कुणी कुणी तुमच्यावर मोठे मोठे परिच्छेद लिहिले. मी काहीच टाकलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसलेय, कारण गेल्या आठवड्यात माझ्या लॅबमध्ये जे झालं ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, आणि तुम्ही समोर असतात तर मला ते पुरतं बोलू दिलं नसतंत.

लॅब म्हणजे नाशिकरोडला एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. मी माती, पाणी आणि रोपं तपासते. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात आणि खालून दिवसभर पेशंटचे खोकले ऐकू येतात. तुम्हाला ही जागा आवडली नसती. मला आवडते.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी टोमॅटोच्या मर रोगाचा जंतू माझ्या प्रोजेक्टला होता. झाड हिरवंगार असतानाच मान टाकतं, तो रोग. जंतूचा डीएनए बाहेर काढायची तुमची एकच पद्धत होती, फिनॉलची, दोन दिवसांची. एकदा हातमोजा फाटका निघाला आणि फिनॉल माझ्या मनगटावर सांडलं. आधी दुखलंसुद्धा नाही, नुसती कातडी पांढरी पडली. मग आग सुरू झाली. तुम्ही धावत आलात, माझा हात नळाखाली धरलात आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत सोडला नाहीत. "लागतं. शिकताना लागतंच," म्हणालात. मी ते मनाशी धरून ठेवलं होतं. तुमच्याबद्दल माझ्याकडे चांगलं काहीच नाही असं समजू नका.

पण त्यानंतर मी वाचायला लागले, आणि कळलं की या जंतूसाठी एवढं काही करावं लागत नाही. त्याची भिंत पातळ. थोड्या शुद्ध पाण्यात त्याला मिसळायचं, बारीक नळीत घालून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं. भिंत फुटते, आतलं सगळं पाण्यात येतं. नळी यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी घ्यायचं, झालं. मी ते करून पाहिलं. नळ्यांची झाकणं वाफेनं टपाटप उघडायला लागली, तर वर एक फरशीचा तुकडा ठेवला. त्या उकळलेल्या पाण्यातून जेलवर जंतूच्या डीएनएचा पट्टा आला, स्वच्छ, जिथे यायला हवा होता अगदी तिथेच.

मी त्या पट्ट्याचा फोटो घेऊन तुमच्याकडे येते. अख्खा वर्ग आपापल्या टेबलांवर आहे. तुम्ही फोटो बघता, चष्मा काढता आणि विचारता, "हे कसं काढलंस?"

"उकळून, सर."

"उकळून? ही काय अंडी आहेत?" वर्ग हसतो. मग तुम्ही माझ्या टेबलापाशी येता, नळ्यांचा रॅक उचलता आणि टाकाऊ डब्यात उलटा करता. "सायखेड्याहून भाजीच्या टेम्पोत बसून येतेस ना? भाजी शिजवायची सवय काही जात नाही. इथे विज्ञान चालतं. शिजवायचं असेल तर घरी जा."

सर, तुमच्या म्हणण्यात मुद्दा होता. जाड भिंतीचे जंतू नुसत्या उकळण्यानं नीट फुटत नाहीत. उकळलेल्या पाण्यात नको ते बरंच उरतं, त्यानं पुढची तपासणी अडते. ते फार दिवस टिकतही नाही. हे सगळं तुम्ही मला सांगू शकला असतात, मी ऐकलं असतं. पण तुम्ही मुद्दा मांडलाच नाहीत. तुम्ही माझं घर काढलंत. त्या टेम्पोत पुढे माझे वडील बसायचे आणि मागे मेथीच्या जुड्यांमध्ये मी, मांडीवर तुमचंच पुस्तक उघडून. त्याची लाज तेव्हा मला वाटली. आता वाटत नाही, आणि ज्यांना वाटायला हवी होती त्यांना ती कधीच वाटली नाही.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या काकू सकाळीच जिना चढून आल्या. हातात गोणपाटात गुंडाळलेली टोमॅटोची झाडं. "बघ गं माय," म्हणाल्या, "काल उभी व्हती, आज माना टाकल्या. नर्सरीवाला म्हणतो पाणी लय दिलं. मी काय आज टमाटे लावती का?"

मी एक देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरला. थोड्या वेळात देठातून दुधासारखा पांढरा दोरा खाली उतरायला लागला, म्हणजे मरचा जंतूच. काकूंचं उत्तर तिथंच मिळालं. पण त्यांनी जाता जाता सांगितलं, "त्याच लॉटाचे रोपांचे ट्रे उद्या पहाटंला गाडीत भरनार हायेत. पिंपळगावकडं चाललेत." वरून धडधाकट दिसणाऱ्या रोपांत जंतू लपलेला असला, तर तो अजून किती वावरांत पोचणार होता! मी नर्सरीवाल्याला फोन केला. तो ट्रे घेऊन आला आणि सोबत त्याचा सल्लागारही आला. तुमचाच विद्यार्थी, माझ्या पुढच्या बाकावर बसणारा.

तो नळ्या तापवायच्या हीटिंग ब्लॉककडे बघून हसला. "अजून उकळतेसच का तू? याला रिपोर्ट म्हणत नाहीत. सरांच्या पद्धतीनं कर, तीन दिवसांनी बोलू."

"तीन दिवसांनी रोपं मातीत असतील," मी म्हटलं. "तुला हवं तर हीच रोपं घे, सरांच्या पद्धतीनं तू कर. मी माझ्या पद्धतीनं आजच करते. पण तोवर गाडी भरायची नाही."

"आणि तुझं चुकलं तर? नुकसान कोण देणार?"

"माझ्या सहीचा रिपोर्ट असेल. माझ्यावर केस कर."

बोलले खरी, आणि ट्रे पुढे ओढला. मग मी कामाला लागले. रोपांचे बुडखे ठेचले, पाण्यात मिसळले, रस पातळ केला, कारण पातळ न करता उकळला तर झाडातलंच काहीतरी तपासणी अडवतं. सोबत निरोगी रोपाची नळी ठेवली, ओळखीच्या जंतूची ठेवली, नुसत्या पाण्याची ठेवली. शिवाय एका नळीत रसातच ओळखीचा जंतू घातला, म्हणजे रसानं काही अडवलंच तर कळावं. दहा मिनिटं उकळलं. दिवेलागणीला जेल दिव्याखाली धरलं. निरोगी रोपाची जागा रिकामी, पाण्याची रिकामी, ओळखीच्या जंतूच्या दोन्ही नळ्यांपुढे पट्टा, आणि ट्रेमधल्या बहुतेक रोपांपुढे पट्टा. नर्सरीवाल्यानं एकेक पट्टा मोजला. मग त्यानं फोन लावला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी थांबव."

तीन दिवसांनी तुमच्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्यानं फिनॉलनं केलं होतं, सगळं तुमच्या पद्धतीबरहुकूम. "तुझं आणि माझं सारखंच आलंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तरी सरांना पटलं नसतं."

"नसतंच पटलं," मी म्हटलं.

न पटो, सर. नर्सरीवाल्यानं ट्रे जाळले, काकूंना दुसरी रोपं दिली, आणि पिंपळगावच्या वावरांत तो जंतू त्या गाडीनं तरी गेला नाही. तुम्हाला पटण्यासाठी मी तेव्हा एमएस्सीची दोन वर्षं घालवली, आता एक दिवसही घालवणार नाही. जिथे उकळून भागतं तिथे मी उकळणार. जिथे भागत नाही तिथे मी दुसरं करते, आणि कुठे काय करायचं ते ठरवायला मला कुणाची परवानगी लागत नाही. तुमचीही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. रागाच्या भरात मी पहिली दोन पानं तुम्हाला "तू" म्हणून लिहिली होती. तू हे केलंस, तू ते म्हणालास. वाचून पाहिली आणि फाडली. परत बसून सगळं "तुम्ही" करून लिहिलं. राग तेवढाच आहे. पण तेवढं मात्र जमलं नाही.