वीज गेली असेल

हारो, इलोइलो
रविवार, ८ सप्टेंबर

प्रिय इंदाय मायुमी,

तुम्ही सगळे बरे असाल. इथे तुझी लोला आजी ठीक आहे. गुडघे दुखतात, पण मिस्सा चुकवत नाही. आज सकाळीही चर्चच्या पायऱ्या माझा हात न धरता चढली आणि वर पोचल्यावर मलाच म्हणाली, "धाप लागली का रे?" शेजारच्या नांग लेटी उद्या बोटीने बकोलोदला येत आहेत. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि बिस्कोचो बिस्किटांचा डबा देतो आहे. डबा घरच्यांनाही दे.

फोनवर तुझा निरोप वाचला. "तितो, मला ग्रुपमधून काढलं. काय चुकलं ते सांगा." आणि खाली खेळात काय काय घडलं ते. फोनवर तुझ्या या मामाला बोटभर लिहायला अर्धा तास लागतो, म्हणून कागद घेतला. आमचा जुना ऑनलाइन खेळ आता तुझ्या शाळेतली मुलंही खेळतात, हे ऐकून नवल वाटलं. आम्ही सुरू केला तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता.

तू लिहिलंस त्यावरून माझ्या लक्षात आलं ते असं. तू लढाईत पडलीस, आणि पडल्या पडल्या "गावात परत" हे बटण दाबलंस. मग गावातून विचारत बसलीस की मला उठवायला कुणी का येत नाही. अगं, तू तिथे होतीस कुठे? ग्रुपचा वैद्य तुझ्यासाठी मागे फिरला असणार, आणि जागा रिकामी. तोवर पुढचे दोघे आडवे झाले असतील. नव्याने येणारा प्रत्येक जण हे करतो. पडलं की जीव घाबरतो आणि बोट त्या बटणावर जातं. दाबायचं नाही. पडलीस तिथेच पडून राहायचं. वैद्य येतो. यायला वेळ लागतो, पण येतो.

मी वैद्यच होतो, म्हणून सांगतो.

वैद्याच्या शक्तीची निळी पट्टी सगळ्यांना दिसते. ती संपत आली की तो खाली बसतो, बसल्यावर ती हळूहळू भरते. तो बसला की सगळ्यांनी थांबायचं. पुढे जाऊन नवीन राक्षस अंगावर ओढून आणायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आमच्यात बोयेत नावाचा तिरंदाज होता, त्याला हे कधी जमलं नाही. मी बसलो रे बसलो की हा बाण सोडून मोकळा. मग पडद्यावर आरडाओरडा:

"बोयेत, तुला आई नाही का रे शिकवायला?"

"आई आहे, पण ती जेवायला बोलावतेय. लवकर मारा!"

नवीन ग्रुपमध्ये शिरताना आधी नमस्कार कर आणि जागा आहे का विचार. दुसऱ्याने ज्याच्यावर वार सुरू केलाय त्याला हात लावू नकोस. जमिनीवर काही पडलं तर लगेच उचलू नकोस, लढाई संपल्यावर वाटणी होते. एखादी चांगली ढाल निघाली तर जो पुढे उभा राहतो त्याला द्यायची. तुला ती कितीही आवडली तरी. आणि कुणी चुकलं तर सगळ्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं. तुझ्या ग्रुपने हे पाळलेलं दिसत नाही. तेव्हा सगळी चूक तुझीच होती असं समजू नकोस.

आमच्या वेळी हे कुणी लिहून दिलं नव्हतं. चौकामागे नोंग तासिंगचं कॉम्प्युटर शॉप होतं. पंखा एकच, तोही त्याच्या गल्ल्याकडे तोंड करून. आम्ही शेजारी शेजारी बसायचो, तरी बोलणं पडद्यावर लिहूनच चालायचं, कारण ओरडलं की नोंग तासिंग चप्पल दाखवायचा. वेळ संपली की तो मागून खांद्यावर टिचकी मारायचा. एकदा आम्ही मोठ्या लढाईत होतो. त्याने टिचकी मारली आणि मग स्वतःच पडद्याकडे बघत उभा राहिला. "कोण पुढे आहे ती? हिला कुणी हलवू नका रे!" म्हणाला. त्या दिवशी त्याने जादा वेळेचे पैसे घेतले नाहीत.

पुढे होती ती तुझी आई.

तू निरोपात तिचा उल्लेख केला नाहीस. मीही करणार नव्हतो. पण ग्रुपच्या रीतीभाती सांगायच्या आणि मनांगला, माझ्या थोरल्या बहिणीला, वगळायचं, हे जमत नाही. त्या सगळ्या तिनेच बसवल्या होत्या. आम्ही दोघांनी खेळायला सुरुवात केली त्या दिवशी खेळात नाव काय ठेवायचं यावर बराच वेळ गेला. तिला भूक लागली होती, म्हणून तिने "बातचोय" ठेवलं. मी विचारलं, मग मी काय ठेवू? म्हणाली, "बातचोयच्या वाडग्याबरोबर काय लागतं, तोतो?" म्हणून मी तांदळाचा वाफवलेला "पुतो" झालो. एवढी चिलखतातली योद्धी आणि तिच्या डोक्यावर नूडल्सच्या सूपचं नाव. परगावचे लोक हसायचे. इलोइलोचे मात्र लगेच विचारायचे, "ला पाझच्या बाजारातलं का?"

ती पुढे आणि मी तिच्या मागे थोड्या अंतरावर. मी बसलो की ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. स्वतः कधी बसायची नाही. मी एकदा म्हटलं, तूही बस की. तर म्हणाली, "मी बसले तर बघणार कोण?"

आणखी एक रीत सांगायची राहिली. ती फक्त आमच्या ग्रुपची होती, तुझ्या शाळेतल्या मुलांना माहीत नसेल.

तेव्हा आपल्याकडे वीज सारखी जायची. ऐन लढाईत एखादा गप्प उभा राही, मग दिसेनासाही होई. दुसरे ग्रुप अशांना पळपुटे म्हणून काढून टाकायचे. मनांगने ठरवलं की आपल्यात कुणी असं नाहीसं झालं तर "वीज गेली असेल" म्हणायचं. दुसरं काही मनात आणायचं नाही. त्याच्या जागेभोवती उभं राहायचं, कारण तो परत येईल तेव्हा तिथेच उगवेल, आणि एकटा असेल तर मारला जाईल. जमत असेल तर जाणाऱ्याने "आलेच" एवढं लिहून जायचं. आणि प्रत्येकाने आपला पासवर्ड ग्रुपमधल्या एकाला देऊन ठेवायचा. फारच उशीर झाला तर त्याने आत येऊन मागे राहिलेल्याला सुखरूप गावात पोचवायचं. बोयेतला कितीदा असं घरी नेलंय.

मनांगचा पासवर्ड माझ्याकडे असायचा.

ती हाँगकाँगला घरकामाला गेल्यावर आम्ही रविवारी भेटायचो. तुला ते रविवार नीट आठवत असतील, कारण तुझा फोन आधी व्हायचा. तुझ्याशी बोलून झालं की ती खेळात यायची. आल्या आल्या तू काय काय बोललीस ते मला लिहायची आणि राक्षस तसाच उभा राहायचा. तुझा दात पडला ते मला गुहेच्या तोंडाशी कळलं. ती तिथल्या पादचारी पुलाखाली पुठ्ठा अंथरून मैत्रिणींबरोबर बसलेली असायची. मालकिणीने दिलेला जुना लॅपटॉप मांडीवर. मैत्रिणी पत्ते खेळायच्या आणि हिला चिडवायच्या, "आर्लीन, तुझा तो प्रियकर आला का गं?" ती म्हणायची, "प्रियकर कसला, भाऊ आहे. त्याला मी पुढे नसले तर रस्ताही ओलांडता येत नाही."

हे तिने मला लिहून कळवलं होतं. गंमत म्हणून.

शेवटच्या रविवारी आम्ही दगडी पुलाजवळ होतो. मी बसलो होतो. ती नेहमीसारखी पाठ करून उभी होती. तिने लिहिलं, "आलेच, तोतो." थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली. बोयेत तेव्हा जहाजावर नोकरीला होता, तिथून खेळत होता. तो म्हणाला, "वीज गेली असेल." मग स्वतःच म्हणाला, "हाँगकाँगला कुठली वीज जाते!" आम्ही दोघं हसलो. आणि रीतीप्रमाणे तिच्या जागेभोवती थांबलो. बोयेतची कामाची पाळी लागली, तो गेला. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. पुढचं तुला माहीत आहे. तू तेव्हा लोलाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस, आणि तुला काही सांगायचं काम इतरांनी केलं. मला बोलता आलं नसतं.

इंदाय, मी अजून रविवारी तिथे जातो. जेवण झालं की पुलाजवळ जाऊन बसतो. माझी पट्टी भरलेली असते, तरी बसतो. नवीन मुलं येतात, विचारतात, "काका, अडकलात का?" मी सांगतो, कुणाची तरी वीज गेली आहे. काही पोरं थोडा वेळ माझ्याबरोबर थांबतात. चांगली आहेत.

तिचा पासवर्ड मी कधी वापरला नाही. वापरला असता तर ती पुलावर दिसली असती, आणि मग मला तिला चालवत गावात न्यावं लागलं असतं. तिला मागून चालवायचं हे मला कधी सुचलंच नाही.

पण आता खेळ चालवणाऱ्यांनी कळवलंय की ज्या जुन्या खात्यांत या महिनाअखेरपर्यंत कुणी येणार नाही, ती पुसली जातील. म्हणजे बातचोय जाईल. मी दोन रविवार बसून पाहिलं. बोट पुढे होत नाही. नाहीतर तुझ्या निरोपाला एवढं लांब उत्तर लिहिलं नसतं.

तू तिला आत आणशील का? तुझी इच्छा असेल तरच. नको वाटलं तर नको म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. आणलंस तर ती तुझी. तिची ढाल चांगली आहे, ती देऊन टाकू नकोस. तुझ्या शाळेतल्या मुलांना दाखवायची असेल तर दाखव. पासवर्ड मी फोनवर सांगेन.

पुढच्या रविवारी दुपारी मी तिथे असेन. तू आलीस की तुझी पाठ माझ्याकडे असेल, कारण ती तशीच उभी होती. वळायची घाई करू नकोस. आधी आजूबाजूला बघ, पुलावर कधी कधी लांडगे येतात. ते आले तर मार, मी आहे. पडलीस तर बटण दाबू नकोस. आणि जुन्या ग्रुपमध्ये कुणी परत आलं की आम्ही एक शब्द लिहायचो, म्हणजे बाकीच्यांना उठून चालायला लागता येई. तोही शिकून ठेव. "आले" एवढंच लिहायचं.

मग मी उठेन.

तुझ्या मागे, नेहमीच्या अंतरावर,
तितो डेल्फिन