दिल्लीला जाण्याआधी केलेली व्यवस्था

मी, रुपेश श्रावण ताकसांडे, वय सव्वीस, शिक्षण नववी, काम सेंट्रिंगचे, राहणार तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, पाजलेले नाही. परवा मला दिल्लीला जायचे आहे. मे महिना आहे, जनरलचा डबा आहे. मागच्या मे महिन्यात स्लॅबच्या प्लेटा लावताना मी उन्हाने बेशुद्ध होऊन पडलो होतो. म्हणून लिहून ठेवलेले बरे. आई म्हणाली, "दिल्लीले चालला का वरती?" तरी लिहितो.

१. टिनाचे दोन खोल्यांचे घर आई सीताबाईचे, तिच्यानंतर बहीण मयुरीचे. टिनाखाली लावलेला थर्माकोल कोणी काढू नये.

२. बचत खात्यात असेल ते मयुरीच्या नर्सिंगसाठी. लग्नासाठी नाही.

३. हातोडा, पाना, करवत आणि लेव्हलची नळी जोडीदार किशोरला. नळी उन्हात ठेवू नये, कडक होते. मी पडलो तेव्हा किशोरने मला दवाखान्यात नेले. ठेकेदाराने दोघांचीही अर्धीच हजेरी लावली. त्या ठेकेदाराला मी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बोलवावे, पण सावलीत बसवू नये.

४. गावाचे निवेदन, जे घेऊन मी दिल्लीला चाललो आहे. देशाच्या हवामान कायद्याचा मसुदा झाला आहे आणि दिल्लीत समिती त्यावर लोकांचे म्हणणे ऐकणार आहे. आमचे म्हणणे असे: धूर ज्यांनी जास्त केला त्यांनी जास्त भार उचलावा. विटांच्या भट्ट्या बंद करायच्या तर आधी तिथल्या मजुरांना दुसरे काम द्यावे. दुपारी उन्हामुळे काम थांबले तरी हजेरी पूर्ण लागावी. गावातले दोन पक्षांचे दोन पुढारी, नत्थूजी भोयर आणि ताराचंद झाडे, यांचे यावर एकमत आहे. तरी निवेदने दोन झाली, कारण पहिली सही कोणाची हे ठरेना. दोन्ही मीच लिहिली, मजकूर तोच. समिती एका गावाचे एकच घेते. दोन नेली तर दोन्ही परत येतील.

५. साक्षीला मी याच दोघांना बोलावले. मृत्युपत्राच्या साक्षीला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. आज दोघेही आले.

नत्थूजी म्हणाले, "काऊन बे, मरून राह्यला का?"

ताराचंदभाऊ म्हणाले, "ते राहू द्या. वर सही कोण करन, ते सांग."

मी म्हणालो, "ज्याले मराचं हाय तो."

मग नत्थूजी म्हणाले, "मंग त्या निवेदनावरही वर तूच कर ना. उन्हात पडला तं तूच होता."

"अन् आपण खाली, एका ओळीत," ताराचंदभाऊ म्हणाले. "पण डावीकडं कोण?"

"चिठ्ठी मले उचलू द्या," आई म्हणाली, "नाई तं पोराची गाडी जाईन."

६. मी वाटेत गेलो तर निवेदन या दोघांनी मिळून, एकाच डब्यातून न्यावे. एकट्याने नेलेले धरू नये.

७. साक्षीदारांना यात काही दिलेले नाही. द्यायचेही नव्हते.

लिहून देणार: रुपेश श्रावण ताकसांडे (सही)

साक्षीदार, एकाच ओळीत, चिठ्ठीप्रमाणे:
ताराचंद झाडे (सही) — नत्थूजी भोयर (सही)

ठिकाण: राहते घर, ता. सेलू, जि. वर्धा
दिनांक: ११ मे २०२६

ता.क. निवेदनावरही याच क्रमाने तीन सह्या झाल्या. दुसरी प्रत आईने चुलीत घातली, तेव्हा दोघेही समोर होते. आता जिवंत पोहोचणे तेवढे माझ्याकडे राहिले.
रुपेश (सही)