दोन आठवड्यांसाठी नेलेला जनरेटर

ऐत उस्सान,
४ ऑक्टोबर

चि. इद्दर यास,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि या डोंगरात आवाज मध्येच मरतो, म्हणून आपलं पत्रच बरं. हद्दूच्या बसने पाठवते आहे. सोबत आईने कुटलेलं बदाम-मधाचं अम्लू आहे. एकट्यानेच चाटून संपवू नकोस, कचेरीतल्या चार जणांना दे.

बातमी अशी, की आपल्या इस्पितळाला नवा जनरेटर आला! सात वर्षं अर्ज करून बोटं झिजली होती. बटण दाबलं की पहिल्या फटक्यात चालू. सगळ्या प्रांतात असा दुसरा नाही, असं बसवणारा म्हणाला. मी रोज फडक्याने पुसते, तर डॉक्टर म्हणतात, सुईणबाई, त्याचंही बाळंतपण करणार का?

हद्दूची बायको इझ्झा जानेवारीत मोकळी होईल. पहिल्या खेपेला तिचं पोट फाडावं लागलं होतं, याही खेपेला तेच. पण आता वीज गेली तरी मला घोर नाही.

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी तुडाताई


मर्सा झर्का,
२१ ऑक्टोबर

ती. तुडाताईस,
सलाम वि. वि.

अम्लू पोचलं आणि संपलंही. चार जणांना एकेक बोट दिलं, उगाच कंजूष म्हणू नकोस.

इथे बांधकाम खात्यात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. फुटबॉल स्पर्धेच्या आधी डिसेंबरात स्टेडियमवर सरावाचा सामना आहे. बाहेरची समिती बघायला येणार, आणि मागवलेले जनरेटर बंदरात अडकून पडलेत. साहेब रोज ओरडतात, दिवे विझले तर देशाची अब्रू जाईल. प्रांतात चालू यंत्रं कुठे कुठे आहेत त्याची यादी माझ्याकडे आहे. यंदा बढती होईलसं वाटतं.

आईच्या गुडघ्यांसाठी मलम आणि लोकरी मोजे पाठवतोय. हद्दूला सांग, मुलगा झाला तर त्याला गोलकीपर करू.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा.
इद्दर


ऐत उस्सान,
१२ नोव्हेंबर

चि. इद्दर यास,
अ. उ. आ.

अरे, आमचा जनरेटर नेला! सोमवारी ट्रक आला, चार माणसं उतरली, आणि दोन आठवड्यांसाठी म्हणून उचलून घेऊन गेली. डॉक्टर आडवे उभे राहिले, तर त्यांच्या नाकासमोर कागद फडकवला. खाली कुणाची सही होती ते काही बघू दिलं नाही. मी म्हटलं, बाबांनो, खेळायला दिवे हवेत, मग जन्माला यायला नकोत का? ते बिचारे दोर आवळत राहिले. हुकमाचे ताबेदार.

तू त्याच खात्यात आहेस. हे कुणाचं डोकं ते शोध आणि त्याच्या मानगुटीवर बस. इझ्झाला दोन महिने उरलेत. बर्फ पडलं की आमची तार तुटते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मी तिला सांगितलंय, माझा भाऊ तिथे आहे, घाबरू नकोस.

तुझ्या भरवशावर,
तुडाताई


मर्सा झर्का,
२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. मी साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, सामना झाला की यंत्र परत, त्यात काय एवढं. मी लेखी अर्जही देणार आहे. सही कुणाची ते विचारू नकोस. वरून आलेलं असतं, मधल्या माणसाच्या हातात काय असतं?

इझ्झाला सांग, परत येईल. आईला जप. लोभ कमी करू नकोस, एवढंच मागतो.
इद्दर


ऐत उस्सान,
२० डिसेंबर

चि. इद्दर यास,
आ.

हसावं की रडावं सांग. परवा राजधानीतून तपासणीचे लोक यायचे होते. सकाळी ट्रक आला, जनरेटर उतरवला, भिंतींना रंग दिला, कुठून तरी सहा नव्या गाद्या आणल्या. इस्पितळाच्या संचालकांनी 'यंत्र परत मिळालं' असं लिहून दिलं. पाहुण्यांनी चहा घेतला, फोटो काढले. त्यांच्या गाड्या वळणाआड जाताच ट्रक पुन्हा दाराशी लागला आणि जनरेटर गेला! भिंत अजून ओली होती, माझ्या बाहीला रंग लागलाय. तुमचा सामना होऊन आठवडा झाला, मग आता कशाला हवा? म्हणे मुख्य स्पर्धा होईपर्यंत तिथेच.

खिंडीत बर्फ धरलंय. इझ्झा रोज येऊन विचारते, तुझ्या भावाचं काही आलं का? तिच्यासमोर मला तोंड लपवावं लागतं. तुझ्या पाया पडते, इद्दर. मी मोठी असून पाया पडते.
ताई


ऐत उस्सान,
१७ जानेवारी

इद्दर,

इझ्झा गेली.

बुधवारी दुपारी तिला टेबलावर घेतलं. पोट उघडलेलं असताना वीज गेली. रक्त ओढून घेणारं यंत्र बंद, सगळं बंद. डॉक्टरांचे हात आत, आणि मी दोन फोनचे दिवे दोन हातांत धरून उभी. मुलगी वाचली. इझ्झा शेवटी मला म्हणाली, भाऊ पाठवणार होता ना?

आता ऐक. चौकशीचा कागद आलाय. जनरेटर इस्पितळातच होता, तपासणीच्या दिवशी परत मिळाल्याची नोंद आहे, पण सुईण तुडाने तो वेळेवर चालू केला नाही, म्हणून बाई दगावली, असं त्यात लिहिलंय! मला कामावरून काढलंय. चार फेब्रुवारीला सुनावणी, आणि खटला होईल म्हणतात. जनरेटर दुसऱ्यांदा नेला त्याचा कागद इथे नाही. तुमच्याकडे असणारच. तो नसेल तर मी तुरुंगात जाईन, आणि हद्दू जन्मभर मलाच आपल्या बायकोची मारेकरीण समजेल. दीड महिना तुझं अक्षर नाही. आजारी आहेस का?
ताई


मर्सा झर्का,
२६ जानेवारी

ती. ताईस,

सलाम लिहायलाही हात धजत नाही.

कागद वेगळ्या पाकिटात येतोय. खालची सही बघ. ती माझी आहे. पहिल्या कागदावरही माझीच होती. पहिल्या फटक्यात चालू होणारं यंत्र कुठे आहे ते साऱ्या प्रांतात मला एकट्याला माहीत होतं, कारण तू कौतुकाने लिहिलं होतंस. यादीत मी ते सगळ्यात वर घातलं. दुसऱ्यांदा सही करताना इझ्झाचं मला ठाऊक होतं, ताई. साहेब शेजारी उभे होते. मला वाटलं, दोन-तीन आठवड्यांत काय होतंय? तो अर्ज मी कधी दिलाच नाही.

हा कागद बाहेर आला की माझी नोकरी जाईल, कदाचित बेडीही पडेल. साहेब म्हणतील, आम्हाला काही माहीत नाही. आईला कसं सांगायचं ते तू ठरव. वाटलं तर कागद चुलीत घाल, मी काही बोलणार नाही. पण घालू नकोस.

कागदाचं पाकीट मघाशी हद्दूच्याच हातात दिलं, हे पत्र डाकेने टाकतोय. त्याने ते डोळ्यांना लावून खिशात ठेवलं आणि म्हणाला, दुसऱ्याची अमानत उघडणाऱ्याचे हात झडोत. मुलगी झोपेत हसते असंही सांगत होता. मी पाठ फिरवून निघालो.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.
इद्दर


ऐत उस्सान,
५ फेब्रुवारी

इद्दर,

कागद मी चुलीपाशी नेला होता. खोटं बोलणार नाही. तुला मी पाठीवर घेऊन वाढवलंय. आई म्हणाली, काय जाळतेस? तिला वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, परक्याच्या लेकीला तुरुंगात पाठवलं असतं का गं आपण? मग माझ्या लेकीला का पाठवतेस?

काल भरल्या खोलीत मी तो कागद वाचला. तारीख वाचली, ट्रकचा नंबर वाचला, तुझं नाव वाचलं. खात्याचा वकील घाईने म्हणाला, पुरे, कळलं. तेव्हा मागून हद्दू उठला आणि म्हणाला, नाव पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. आपल्या बापाच्या नावासकट वाचलं. हे पाकीट आपणच खिशात घालून आणलं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने आपला रिकामा खिसा चाचपला.

माझ्यावरचा आरोप मागे घेतलाय. तुझ्या साहेबांना कुणी बोलावलंसुद्धा नाही. त्यांच्याबद्दल तुला जे माहीत आहे ते लिहून ठेव, आणि या खेपेला खरंच दे.

हे पत्र मी डाकेने टाकायला निघाले होते. सकाळी हद्दू दारात आला. म्हणाला, इद्दरला लिहिलं असशील, दे, मी नेतो. मी म्हटलं, राहू दे रे. म्हणाला, अमानत आहे, आणि ती मला त्याच्या हातातच द्यायची आहे. पुढच्या आठवड्यात मुलीलाही नेतोय, शालीत गुंडाळून. त्याला नक्कल दिली आणि हे आजच डाकेने टाकते, म्हणजे तुला आधी कळेल.

तेव्हा तो आला की दार उघड. साहेबांच्या मागे लपू नकोस, घरी नाही असं शेजाऱ्याकडून सांगू नकोस. दार उघड, आणि पोरीला हातात घे.

लोभ आहे रे. तोच तर जाळतोय.
तुझी तुडाताई