विमानाच्या खिडक्या आणि मागे उरेल ते

मी खाली सही करणारी, चौथीपर्यंत शिकलेली, विधवा, आजी. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन भांडून बघावे. उद्या सकाळी मी जन्मात पहिल्यांदा आमच्या विमानातून उडणार आहे, म्हणून कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. राहते घर मुलाला. तो म्हणतो, "आई, दोन म्हाताऱ्यांनी बसवलेल्या खिडक्या, त्यात बसून उडायचं?" तरीही घर त्यालाच. त्याच्या बापाने आवळलेले नळ पान्याशिवाय उघडत नाहीत. तेही त्यालाच.

२. विमान जुने, दोन जागांचे. ते माझ्या नणंदेला, कारण चालवता तिलाच येते. यजमान आणि ही त्यांची बहीण दर रविवारी उडत आणि मी खाली कप विसळत असे. जागा दोनच, असे मला सांगत. यजमान गेल्यावर मी म्हटले, "वन्सं, आता एक जागा रिकामी आहे."

"वहिनी, खिडक्या पिवळ्या पडल्यात, कडांना तडे गेलेत. दिसणार काय तुम्हाला?"

मला कटवत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी नव्या खिडक्यांसाठी ॲक्रिलिकचे, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचे, शीट मागवले.

३. कानशी, हातड्रिल आणि टोक बोथट केलेले बिट नातीला. धारेचे बिट तावदान फोडते. तिने लक्षात ठेवावे: जुन्या तावदानावरून नवे आखायचे. शीटवर चिकटवून आलेला कागद शेवटपर्यंत सोलायचा नाही. भोक स्क्रूपेक्षा जरा मोठे पाडायचे, कारण ऊन लागले की ॲक्रिलिक फुगते. स्क्रू टेकला की थोडा मागे फिरवायचा. आवळला की तडा गेलाच.

४. सुनेने कौतुकाने काच पुसायचा फवारा मारून एका नव्या तावदानावर बारीक तड्यांची जाळी केली. उरलेला फवारा तिला.

५. खिडकी बसवताना एकीने आत नट धरायचा, दुसरीने बाहेरून स्क्रू. डावी बाजू मी बाहेरून बसवली, उजवी वन्संनी. त्यांच्या माहेरचे सगळेच आवळणारे. "सैल करा" म्हटले, तर म्हणाल्या, "उडवणार मी की तुम्ही?" तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. जेवता जेवता उठते, बघून येते, परत जाते. तावदान फुटून आम्ही दोघी गेलोच, तर सांगाडा भंगारात घालावा. खांबावर चढवून शोभेला ठेवू नये. शोभेला उभे राहणे कसे असते ते मला ठाऊक आहे.

साक्षीदार: १. विमान तपासणारा मिस्त्री. २. विमान ठेवतो त्या हँगरचा पहारेकरी. वन्संना घेतले नाही, विमान त्यांना जायचे आहे.

साक्षीदार सह्या करीत असताना घडले तेही जोडते. वन्सं आल्या. म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. तुमच्या बाजूचे स्क्रू मी काल आवळून घेतले."

मी म्हटले, "तुमच्या बाजूचे मी आज सैल केले."

मिस्त्री अर्धी सही टाकून उठला. "दोन्ही बाजू पहिल्यापासून. उद्याचं उडणं रद्द."

वन्सं विमानात शिरल्या, नट धरून बसल्या आणि तावदानाआडून म्हणाल्या, "सांगा. किती मागे फिरवायचा?"

ठिकाण: हँगर, डाव्या पंखाखाली.
सही: केली आहे.
तारीख: घातली होती, खोडली. उडायच्या आदल्या दिवशी घालीन.